जिभेवर दहा सेकंद

१४ मार्च

झोप येत नाही म्हणून कंपनीच्या डॉक्टरांकडे गोळी मागायला गेले होते. ते म्हणाले, "गोळ्या तुम्ही बनवता मॅडम, मी काय देणार तुम्हाला? रोज चार ओळी लिहा." स्वतःच्या विनोदावर हसले आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

बावीस वर्षं प्रयोगवह्या लिहिते आहे. तारीख, काय केलं, काय दिसलं, सही. काय वाटलं याला त्यात रकाना नसतो, म्हणून इथेही आखलेला नाही.

काय दिसलं ते असं. आईला जाऊन तेहेतीस दिवस झाले. चौथ्या दिवशी मी कामावर होते. रडू आलेलं नाही. ताईला वाटतं मी मन घट्ट केलंय. तसं काही केलेलं नाही. दात काढताना सुई टोचल्यावर गाल जसा होतो तशी आहे मी, एवढंच. दुखत नाही, आणि आपला गाल आपला वाटत नाही.

चार ओळींच्या वर झालं.

१६ मार्च

डॉक्टर वाचणार नाहीत, तरी कामाचं लिहून ठेवते. दुसरं काही सुचत नाही.

लहान मुलांच्या हाडात जंतू शिरले की एक औषध द्यावं लागतं, दिवसातून दोनदा, सहा आठवडे. औषध चांगलं आहे, पण चव अशी की मोठा माणूसही ओकेल. मुलं थुंकतात, डोस अर्धा पोटात जातो, अर्धा आईच्या खांद्यावर. जंतू मरत नाहीत आणि मग हाड पुन्हा कापावं लागतं. आमचं काम त्या औषधाच्या बारीक दाण्यांवर असा लेप चढवायचा की तोंडात तो टिकेल आणि पोटात विरघळेल. लेप जाड केला तर मूल गपगुमान गिळतं पण औषध पोटात सुटत नाही. पातळ केला तर सुटतं, पण तोंडातच. सहा वर्षं आम्ही या दोन टोकांमध्ये येरझाऱ्या घातल्या. आमचे साहेब दर आढावा बैठकीत म्हणायचे, "कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं, तरी कडू ते कडूच."

डिसेंबरात जमलं. लेप पातळ, आणि कडवटपणाचा अंक शून्य. जानेवारीत चव-चाचणी पक्की झाली, फेब्रुवारीत पुड्या मुलांच्या रुग्णालयात गेल्या. एकतीस मुलांना चालू आहे. साहेब सप्टेंबरात निवृत्त होतात. त्यांची खुर्ची मला मिळेल असं सगळे धरून चालले आहेत, मीसुद्धा.

चव आम्हीच चाखतो. दहा मिलिलिटर तोंडात घ्यायचं, दहा सेकंद जिभेवर धरायचं, थुंकायचं, चुळा भरायच्या. मग शून्य ते पाच यातला अंक द्यायचा. आम्ही आठ जण आहोत. ज्यानं बनवलं त्यानं पहिल्यांदा चाखायचं, ही आमच्या विभागाची जुनी रीत. त्यामुळे पहिली मी. माझी जीभ प्रसिद्ध आहे. पाण्यात चिमूटभर काय पडलंय ते मी सांगते, म्हणून मला मागून 'तराजू' म्हणतात. मला ते माहीत आहे आणि आवडतं.

१९ मार्च

ताईचा फोन. आईचं कपाट कधी आवरायचं? म्हटलं, बघू.

आई नोव्हेंबरात आमच्याकडे राहायला आली. जानेवारीत छातीत कफ साठला, गोळ्या गिळवेनात. ताई दिवसभर तिच्यापाशी बसायची, औषध मात्र मी द्यायचे, कामावर जायच्या आधी आणि आल्यावर. त्या गोळीवर लेप असतो आणि कुटली की तो मोडतो, हे मला कुणी सांगायला नको. म्हणून मी ती बारीक करून मधात खलायचे, वर साय, थोडी साखर. घरच्या घरी चव झाकली. पहिल्याच दिवशी आई म्हणाली, "कडू आहे गं." मी तिच्यासमोर चमचा चाटून दाखवला. "आई, अजिबात कडू नाही. माझा धंदा आहे हा."

त्यानंतर तिची तक्रार बंद झाली. डोळे मिटून घ्यायची. कधी कधी ओठावरून ओघळायचं, तेव्हा मी हनुवटी धरायचे. मिश्रण जमलं होतं. तेवढं एक तरी आपण नीट केलं.

२२ मार्च

नवऱ्यानं पहिला घास घेतला आणि तांब्याभर पाणी प्यायला. म्हणाला, "समुद्र आटवलास का?" मी माझं ताट पुसून खाल्लं होतं. आईसाठी सगळ्या घराचं मीठ तोडलं होतं, त्यामुळे हात चुकला असणार. तो भूगोलाचा शिक्षक आहे, समुद्र त्याच्या तोंडी असायचाच. मग त्यानं गुपचूप ताटात दही ओतलं.

दुपारी रुग्णालयातून फोन. तिथल्या मुख्य परिचारिका. मुलं औषध थुंकतायत म्हणाल्या. किती? "बहुतेक सगळीच, मॅडम."

२३ मार्च

नाचता येईना अंगण वाकडं. परिचारिकांना पुडी कशी कालवायची तेच कळलेलं नसणार. गरम पाण्यात टाकली तर लेप मोडतो, हे पुडीवर ठळक छापलंय. मुलं तर काय, साखरही थुंकतात, मूड असला तर. मी तीन पानी सूचना लिहून पाठवल्या. चमचा जिभेच्या मागच्या बाजूला कसा न्यायचा त्याचं चित्रही काढलं.

'काटेकोर' माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. ती आणि मी एकाच वर्षी लागलो. यंत्रावरच्या चाचण्या ती बघते, आणि तिच्या वहीत खाडाखोड म्हणून नाही. म्हणाली, "यंत्र डिसेंबरापासून थोडं जास्त दाखवतंय. दहा सेकंदांत औषध सुटतंय. मी तेव्हाही म्हटलं होतं."

"आणि मी काय म्हटलं होतं?"

"यंत्राला जीभ नसते."

"मग?"

ती गेली.

२७ मार्च

स्वतः रुग्णालयात गेले. लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना लोखंडी खाटा, खिडक्यांच्या काचा खालून अर्ध्या रंगवलेल्या. बाहेर बघायचं तर मुलांना खाटेवर उभं राहावं लागतं, आणि ज्यांचे पाय प्लॅस्टरमध्ये ते कसे राहणार?

एक सहाएक वर्षांची मुलगी होती, उजवा पाय मांडीपर्यंत प्लॅस्टरमध्ये. तिच्या आईनं एका हातानं तिचे दोन्ही हात धरले आणि दुसऱ्या हातानं जबडा. परिचारिकेनं चमचा आत घातला. सगळं सराईतपणे चाललं होतं, मी काढलेल्या चित्राबरहुकूम. मुलीनं गिळलं नाही. तिनं ते गालात धरून ठेवलं, आईचा हात सैल होईपर्यंत, आणि मग भिंतीवर थुंकलं. भिंतीवर तेवढ्या उंचीवर बरेच डाग होते.

तिची आई मला म्हणाली, "तुम्ही बनवलंय का हे?" रागावून नाही. नुसतं विचारलं.

मी एक पुडी थंड पाण्यात कालवली, तोंडात घेतली, दहा सेकंद धरली. काही नाही. म्हटलं, "हे बघा, कडू नाही." मुख्य परिचारिकांनी माझ्याकडे बघितलं, उरलेल्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि तडक मोरीकडे गेल्या. चुळा भरताना त्यांचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. मला वाटलं, काय नाटकी बाई आहे.

परतताना गाडीत मात्र ती मोरी डोक्यातून जाईना. माणूस नाटक करताना चार चुळा भरतो. त्यांनी अकरा भरल्या.

२८ मार्च

सगळे घरी गेल्यावर कपाटातून तुलनेची द्रावणं काढली. पाण्यात क्विनीन घालून केलेली पाच, एकापेक्षा एक कडू. पाच नंबरचं नव्या माणसाला आम्ही चाखू देत नाही, डोळ्यांत पाणी येतं.

एक नंबर, दहा सेकंद. पाणी.
तीन नंबर, दहा सेकंद. पाणी.
पाच नंबर, वीस सेकंद. पाणी.

मग चहाच्या खोलीत जाऊन मीठ घेतलं चमचाभर. खरखरीत लागलं. साखर घेतली, तीही खरखरीत, जरा मोठे कण.

बरण्या जागच्या जागी ठेवल्या, कपाटाला कुलूप लावलं, घरी आले. नवऱ्यानं विचारलं, उशीर का? म्हटलं, आवराआवर होती.

३० मार्च

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे. त्यांनी जिभेवर चार पट्ट्या ठेवल्या, आंबट, गोड, खारट, कडू. मी चारही वेळा "कागद" म्हणाले. मोठा ताप आला होता का? आला होता, डिसेंबरात, पाच तारखेपासून चार दिवस. कधी कधी तापानंतर जाते चव. परत येईल? येते, किंवा येत नाही. "कामाला काही अडचण नाही ना?" असं त्यांनी विचारलं. नाही म्हटलं.

दुपारी चव-चाचणीची वही उघडली. तीन डिसेंबरपर्यंत माझे अंक चार, तीन, चार, चार. चौदा डिसेंबरपासून शून्य, शून्य, एक, शून्य. सहा वर्षांत जे जमलं नाही ते मला ताप आल्यावर नवव्या दिवशी जमलं. हे तेव्हाच कुणाच्या, म्हणजे माझ्या, लक्षात यायला हवं होतं.

पण एक कोडं राहतं. जीभ माझी गेली. बाकी सात जणांची कुठे गेली होती? त्यांचेही अंक शून्य आणि एकच आहेत.

१ एप्रिल

भांडारातल्या काकांना विचारलं. ते कच्च्या मालाचं भांडार सांभाळतात आणि आमच्या आठ जणांत सर्वांत जुने. खोक्यांच्या मध्ये स्टूल टाकून बसले होते. मी विचारलं, "काका, जानेवारीतली शेवटची चाचणी आठवते? तुम्ही एक लिहिलंय."

"मग एकच असेल."

"लागलं किती होतं?"

त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "खरं सांगू का मॅडम? माझं तोंड दुपारपर्यंत कडू होतं. जेवलो नाही त्या दिवशी."

"मग चार का नाही लिहिलंत?"

"तुम्ही आधीच शून्य म्हणाला होता. मोठ्यांदा. मी तीस वर्षं तंबाखू खाल्लेला माणूस. सोडली त्याला आता दहा वर्षं झाली, पण म्हटलं जीभ गेली असेल आपली कामातून. तराजू खोटा थोडाच असतो?" मग त्यांना आपण काय बोललो ते कळलं आणि ते खोकी मोजायला लागले.

नियमात लिहिलंय की प्रत्येकानं न बोलता चिठ्ठीवर अंक लिहायचा आणि घडी घालून डब्यात टाकायचा. आम्ही चिठ्ठ्या बंद केल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. वेळ जातो म्हणून मीच बंद केल्या. मी पहिल्यांदा चाखायचे, अंक सांगायचे, मग ओळीनं बाकीचे आपापला सांगायचे आणि काटेकोर लिहून घ्यायची. पंधरा मिनिटांचं काम, हसतखेळत. बाबावाक्यं प्रमाणम्.

३ एप्रिल

साहेबांनी बोलावलं. खुर्चीबद्दल वर बोलणं झालंय म्हणाले, मे महिन्यात पत्र निघेल. विभागात आजवर बाई प्रमुख झालेली नाही, तेव्हा एखादं छोटं भाषण तयार ठेवा. मी हो म्हटलं. आनंद झाला का? कळलं नाही. खोलीत एसी फार होता एवढं आठवतं.

सहा दिवस झाले मला कळून. एकतीस मुलं, दिवसाला दोन डोस. मी रोज ठरवते, उद्या सांगू. नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. काल त्यानं बाजारातून आणलेलं दूध मी अर्धा पेला प्यायले. नंतर त्यानं पातेलं हुंगून मोरीत ओतलं आणि माझ्याकडे पाहत राहिला. म्हणाला, "तू नक्की आहेस ना इथे?" मी म्हटलं, असते की.

६ एप्रिल

पुन्हा चाचणी घेतली. तीच बॅच. काटेकोरला म्हटलं, या वेळी नियमाप्रमाणे, चिठ्ठ्या, आणि मी बाहेर थांबते. तिनं का म्हणून विचारलं नाही.

दाराला काच आहे. मी बाहेरून बघत होते. सात जण, सात पेले. तिनं घड्याळ लावलं. चौथ्या सेकंदाला एक जण थुंकला. सहाव्याला आणखी दोघं. काकांनी दहा सेकंद पूर्ण धरलं, डोळे गच्च मिटून, दोन्ही हात मांडीवर. मला त्या क्षणी कोणाचीतरी आठवण येईल असं वाटलं, पण मी लगेच घड्याळाकडे बघितलं.

अंक चार, पाच, चार, चार, पाच, तीन, पाच.

काटेकोर चिठ्ठ्या घेऊन बाहेर आली. म्हणाली, "तुला कधीपासून लागत नाहीये?" चार महिन्यांत हा प्रश्न विचारणारी ती पहिली. मी तारीख सांगितली. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "मी यंत्राचं म्हणणं लावून धरायला हवं होतं." मी म्हटलं, मी ऐकलं नसतं. हे खरं आहे.

७ एप्रिल

साहेबांना सगळं सांगितलं, जिभेसकट. त्यांनी आधी पाणी मागवलं. मग उठून दार लावलं.

"हे बघा, औषध कडू आहे, हे सांगावंच लागेल. ते कोणी लपवत नाहीये. पण का कडू आहे, याला दोन उत्तरं असू शकतात. रुग्णालयाच्या भांडारात उष्णता जास्त असेल, लेप मऊ पडला असेल. असं होतं. आपण साठवणुकीची तपासणी लावू. तीन-चार महिने जातील. तोवर लेप सुधारा. जानेवारीची चाचणी जानेवारीत बरोबर होती, विषय संपला."

"आणि मुलं?"

"तपासणी चालू असताना औषध चालू ठेवता येतं. थोडं शरबतात द्या म्हणावं."

मी पाण्याचा पेला हातात धरून बसले. त्यांना वाटलं मी विचार करते आहे. आवाज खाली आणून म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. तुमची जीभ तुमच्या तोंडात आहे, मॅडम. तिथे कोण बघायला येतंय? बावीस वर्षांची मेहनत आहे. आणि तुमच्या घरी नुकतंच असं झालेलं. लोक म्हणतील, बाईचा तोल गेला."

ते माझं वाईट चिंतत नव्हते. त्यांनीच मला पहिली नोकरी दिली होती. म्हणूनच उठून येताना मी "बघते" म्हणाले.

८ एप्रिल

काही लिहिलं नाही. अहवालाचं पान उघडून बसले आणि बंद केलं. दोनदा.

भीती वाटते असं म्हणावं का? पोटात गोळा येतो, हात गार पडतात, अशी भीती असते म्हणतात. तसं काही नाही. नुसतं हात उचलत नाही. आज बासष्ट डोस झाले, तेवढं मात्र लक्षात आहे.

९ एप्रिल

सकाळी सात वाजता जाऊन लिहिला. दीड पान. चौदा डिसेंबरपासूनचे सर्व अंक अग्राह्य. कारण: मुख्य परीक्षकाची चवीची जाणीव नष्ट झालेली होती व ते तिच्या ध्यानात आले नाही. दुसरे कारण: इतरांनी आपला अंक न देता तिचा दिला, कारण चिठ्ठ्यांची पद्धत तिने स्वतः बंद केली होती. साठवणुकीचा दोष नाही. औषध आजच थांबवावे. मला हे अठ्ठावीस मार्च रोजी कळले व मी बारा दिवस सांगितले नाही.

शेवटचं वाक्य साहेबांच्या लक्षात राहील. सही केली, एक प्रत साहेबांना, एक गुणवत्ता विभागाला, एक थेट रुग्णालयाला. साहेबांच्या आधी रुग्णालयाची पाठवली.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे परवा माझ्या हातची पिठलंसदृश आमटी तू 'छान' म्हणालीस ते…" म्हटलं, तेही अग्राह्य. तो हसला आणि मग हसता हसता थांबला आणि माझा हात धरून बसला. त्याचा हात गरम होता. ते कळलं.

१७ एप्रिल

बरंच काही झालं, थोडक्यात लिहिते. मुलांचं औषध त्याच दिवशी थांबलं, त्यांना सुईतून दुसरं चालू झालं. प्रकल्प जाड लेपापाशी परत गेला, म्हणजे दोन वर्षं मागे. खुर्ची काटेकोरला मिळेल. मला कागदपत्रांच्या विभागात बसवलंय, तिथे चाखायचं काही नसतं. साहेब जिन्यात भेटले तर चष्मा पुसतात. काकांनी मला लिंबाचं लोणचं आणून दिलं, रोज एक फोड जिभेवर ठेवा म्हणाले, येईल परत. ठेवते.

मुख्य परिचारिकांना फोन केला. एकोणतीस मुलं ठीक आहेत. दोघांच्या हाडात जंतू पुन्हा वाढले. त्यातली एक ती प्लॅस्टरवाली मुलगी, तिचा पाय परत उघडावा लागला. वाचेल, चालेलही, पण किती नीट ते आत्ता सांगता येत नाही. त्या म्हणाल्या, "थांबवलंत ते बरं केलंत, मॅडम." थोडं थांबून म्हणाल्या, "दहा दिवस आधी असतं तर…" आणि वाक्य सोडून दिलं. मी त्यांना ते पूर्ण करायला सांगितलं नाही. मला लाज वाटली. हे काय वाटलं त्या रकान्यातलं आहे, पण लिहिलं.

२६ एप्रिल

ताई आली. आईचं कपाट आवरायला घेतलं. ती साड्यांच्या घड्या घालत होती, मी खालच्या कप्प्यातली औषधं काढत होते. गोळ्यांची अर्धी पट्टी हातात आली. तीच गोळी. ती हातात घेऊन मी जमिनीवर बसले आणि जे एकोणतीस दिवस या वहीतही लिहिलं नाही ते ताईला सांगितलं. ताप डिसेंबरात आला, चव तेव्हाच गेली, आणि आईचं औषध जानेवारीत सुरू झालं. म्हणजे मी तिच्यासमोर चमचा चाटून "कडू नाही" म्हणाले तेव्हा मला काहीच कळत नव्हतं. मी म्हटलं, "ताई, ते कडू असणार गं. कुटलेली गोळी, मधात काय झाकणार?"

ताई घडी घालायची थांबली नाही. म्हणाली, "कडूच होतं. मी चाखलं होतं."

"कधी?"

"दुसऱ्याच दिवशी. तू कामावर गेल्यावर. वाटीत राहिलं होतं थोडं. जीभ सोलून निघाली माझी."

"मग बोलली का नाहीस?"

"तू एवढी शिकलेली, त्यातच तुझा जन्म गेला. तू म्हणालीस कडू नाही. मला वाटलं, औषधाची चव आपल्याला काय कळणार. असेल असंच लागत." तिनं साडी बाजूला ठेवली. "तरी मी आईला म्हटलं होतं, की तिला सांगते, दुसरं काहीतरी दे म्हणून. तर आई नको म्हणाली."

"का?"

"म्हणाली, एवढी कामावरून दमून येते, उभ्याउभ्या खलत बसते, साय काय घालते, साखर काय घालते. तिला वाटतंय छान झालंय. वाटू दे. तू काही बोलू नकोस."

ताई माझ्याजवळ खाली येऊन बसली. बराच वेळ तिचा हात माझ्या पाठीवर होता. मग मी विचारलं, औषध एकवीस जानेवारीला सुरू केलं ना आपण? ती हो म्हणाली. आठ फेब्रुवारीपर्यंत. एकोणीस दिवस, दोन्ही वेळ. ताई म्हणाली, "आता ते मोजून काय करणार आहेस?"

अडतीस. मला रडू फुटलं ते आवरेना, नवरा आतल्या खोलीतून धावत आला. अडतीस वेळा मी चमचा पुढे केला. एकदा ती कडू म्हणाली, आणि मग सदतीस वेळा तिनं तोंड उघडलं.